नेत्रिकेतून दिसणारे ग्रह फोटोत का येत नाहीत? आणि यावेत तरी का?

रात्रपाळी
माझ्याकडे सहा इंची डॉबसोनियन (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे. आरसा १५० मिमी, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). अंगणातूनच बघतो. गुरूचे दोन मुख्य पट्टे, चार चंद्र, शनीची कडी, सगळं नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) व्यवस्थित दिसतं. पण मोबाइल नेत्रिकेला लावला की गुरूचा नुसता पांढरा गोळा होतो आणि शनीची कडी कुठे संपते, ग्रह कुठे सुरू होतो, काही कळत नाही. तेवढ्याच आरशातून लोक गुरूच्या पट्ट्यांतली वेटोळीसुद्धा दाखवतात, ती कशी?

प्रश्न दोन आहेत. पहिला साधा: ३एक्स बार्लो (चित्र तिप्पट मोठं करणारं जोडभिंग) घ्यावी की ग्रहांसाठी मिळतो तो छोटा कॅमेरा? दुसरा वादाचा: फोटोच्या नादात बघणं मागे पडतं असं मला वाटायला लागलंय. जाणकारांनी दोन्हींवर लिहावं.

शेवटचा_बाक
दुसऱ्या प्रश्नामुळे धागा शंभरी गाठणार. जागा धरून ठेवतो.

दृष्टीआड
मोबाइलपुरतं सांगतो. गुरू खूप उजळ आणि भोवतालचं आकाश काळं, त्यामुळे मोबाइल त्या काळ्या आकाशाला उजळवायला बघतो आणि ग्रह जळून जातो. पडद्यावर ग्रहावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड खाली ओढा. पट्टे दिसायला लागेपर्यंत ओढत राहा. तेवढ्यात चंद्र गायब होतील, त्याला इलाज नाही. पट्टे आणि चंद्र एका एक्स्पोजरमध्ये नीट येत नाहीत. लोक दोन वेगळे घेऊन जोडतात.

आणि हाताने धरू नका. नेत्रिकेला पकडणारा अ‍ॅडाप्टर लावा. फोटो नको, व्हिडिओ घ्या.

आकाशकाकू
व्हिडिओ का, ते दृष्टीआड यांनी सांगितलं नाही, म्हणून लिहिते. तुमचा प्रश्न ना बार्लोचा आहे ना कॅमेऱ्याचा. तो हवेचा आहे.

दीडशे मिमीचा आरसा सिद्धांताने पाऊण आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपासचा तपशील वेगळा करू शकतो. गुरू जवळ असताना ४५ ते ५० आर्कसेकंदांचा असतो. म्हणजे आरशाची ताकद भरपूर आहे. पण वरच्या हवेतले गरम-थंड थर सतत एकमेकांत मिसळत असतात आणि प्रत्येक थर प्रकाश थोडा थोडा वाकवतो. बहुतेक रात्री ही हवा एक-दोन आर्कसेकंदांचा धुरळा करून टाकते. यालाच आपण सीइंग म्हणतो. आकाश स्वच्छ असणं वेगळं आणि सीइंग चांगलं असणं वेगळं. तारे कडक लुकलुकत असलेली झगझगीत रात्र ग्रहांना बहुधा वाईट, आणि किंचित धूसर, वारा पडलेली रात्र अनेकदा उत्तम. शहरातल्या उजेडाने तर ग्रहांचं काहीच बिघडत नाही.

हवा वरची असते तशी घरचीही असते. दिवसभर तापलेलं छप्पर आणि फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतात. ग्रह शेजारच्या छपराच्या वर असेल तर मध्यरात्रीनंतर बघा. दुर्बीण घरातून बाहेर आणली की आरसा गरम असतो आणि नळीत हवेचे प्रवाह उठतात. निदान तासभर आधी बाहेर ठेवा. तपासायचं असेल तर एक तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या. चकतीत धुरासारखं काही सरकताना दिसलं तर आरसा अजून निवलेला नाही.

शेवटचं म्हणजे उंची. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ग्रहाकडे तुम्ही डोक्यावरच्या ग्रहापेक्षा दुप्पट हवेतून बघता. मंगळ उगवला म्हणून धावू नका. चढू द्या त्याला.

टिंबटिंब
काकू, दंडवत. म्हणजे माझा गुरू दोरीवर वाळत घातल्यासारखा फडफडतो तो दुर्बिणीचा दोष नाही तर!

आकाशकाकू
@टिंबटिंब, आधी कोलिमेशन (आरशांची जुळणी) बघ, मग हवेला दोष दे. :) फोकसबाहेरच्या ताऱ्याची वर्तुळं एककेंद्री हवीत. एका बाजूला सरकली असतील तर आरसे जुळवायला हवेत, आणि तो दोष सर्वस्वी तुझ्या हातातला आहे.

नुसती_नजर
दुसऱ्या प्रश्नावर माझं ठाम मत आहे आणि ते अनेकांना आवडणार नाही.

ग्रह बघणं हे शिकावं लागतं. पहिल्या मिनिटाला गुरूवर दोन पट्टे दिसतात. पंधरा मिनिटं डोळा हलवला नाही तर चार-पाच दिसतात, पट्ट्यांच्या कडा खडबडीत आहेत हे कळतं, आणि मग एखादा क्षण असा येतो की हवा थांबते आणि सगळं एकदम कोरल्यासारखं होतं. सेकंदभर. त्या सेकंदासाठी खुर्चीत बसून राहायचं असतं. लॅपटॉप उघडला की माणूस नेत्रिकेला डोळा लावतच नाही. पडद्यावर उड्या मारणारा गोळा बघत बसतो आणि सकाळी म्हणतो, काल गुरू बघितला.

एक युक्ती सांगते, पुष्कळांना उलटी वाटते. ग्रह बघताना डोळे अंधाराला सरावू देऊ नका. तेजोमेघांना अंधार हवा, ग्रहांना नको. पूर्ण अंधारात सरावलेल्या डोळ्याला गुरू दिपवतो आणि रंग पुसट होतात. मी शेजारी मंद पांढरा दिवा ठेवते आणि कागदावर चित्र काढते. चित्र काढायला बसलं की डोळ्याला प्रश्न विचारता येतात: हा पट्टा त्याच्यापेक्षा रुंद आहे का, हा कोपरा जास्त गडद आहे का. कॅमेरा असे प्रश्न विचारत नाही.

रात्रपाळी
@नुसती_नजर, पांढऱ्या दिव्याचं हे माहीतच नव्हतं! मी लाल टॉर्च लावून बसत होतो.

फ्रेमवेडा
नुसती_नजर यांनी 'हवा थांबते तो सेकंद' म्हटलं ना, आमचं सगळं शास्त्र त्या सेकंदाचंच आहे. त्यामुळे मला हा वाद फारसा वाद वाटत नाही.

१९७८ साली डेव्हिड फ्रीड यांनी हिशोब मांडला की खूप छोटी एक्स्पोजर घेत राहिलं तर त्यातल्या काही फ्रेम नशिबाने स्थिर हवेत सापडतात, आणि दुर्बिणीचा व्यास वाढेल तशी ही शक्यता झपाट्याने घटते. म्हणून याला लकी इमेजिंग म्हणतात. लहान आरशांना यात फायदा आहे, सहा इंचवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. एक लांब एक्स्पोजर घेतलं तर चांगले-वाईट सगळे क्षण एकत्र कालवले जातात. त्याऐवजी गुरूची ५ ते १५ मिलिसेकंदांची हजारो एक्स्पोजर घ्यायची, व्हिडिओ म्हणून. मग संगणकाने त्यांना चांगल्या-वाईटाच्या क्रमाने लावायचं, वरच्या पाच-दहा-वीस टक्के फ्रेम ठेवायच्या, बाकी फेकायच्या. ठेवलेल्या एकमेकींवर बसवून सरासरी काढली की फ्रेममधला दाणेदार गोंधळ एकमेकांत जिरतो, आणि मग शार्प करता येतं.

माझी रीत अशी: फायरकॅप्चर किंवा शार्पकॅपमध्ये घ्यायचं, ऑटोस्टॅकर्टमध्ये रचायचं, रजिस्टॅक्सच्या वेव्हलेटने (शार्प करायच्या सरकपट्ट्यांनी) तपशील उघडायचा. हे सगळं फुकट मिळतं. फाइल एसईआर स्वरूपात ठेवा, कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ नको. मोबाइलची तीच पंचाईत आहे. तो व्हिडिओ दाबून साठवतो आणि नेमका बारीक तपशील त्यात मरतो. फ्रेमचं क्षेत्र ग्रहापुरतं कापून घेतलं की सेकंदाला शंभराहून जास्त फ्रेम मिळतात. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांपर्यंत पुरे. त्यापुढे गेलं तर उजळ पट्टे जळतात.

शनीला गुरूचीच सेटिंग चालत नाहीत. तो सूर्यापासून जवळजवळ दुप्पट लांब, पृष्ठभागावर पडणारा उजेड तिसऱ्या हिश्श्याहून कमी. एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि फ्रेम कमी मिळतात.

शेवटचा_बाक
लोकांच्या मागे शनी लागतो, इथे लोक शनीच्या मागे लागलेत.

मध्यमवर्गीय_मंगळ
व्हिडिओ किती वेळ घ्यायचा? मी एकदा गुरूचा वीस मिनिटांचा घेतला, हार्ड डिस्क भरली आणि निकाल पुसट. जास्त फ्रेम म्हणजे जास्त चांगलं ना?

फ्रेमवेडा
नाही, कारण गुरू थांबत नाही. दहा तासांच्या आत एक फेरा मारतो. ४५ आर्कसेकंदांचा गुरू धरला तर चकतीच्या मधला तपशील मिनिटाला साधारण पाव आर्कसेकंद सरकतो. तीन मिनिटांत पाऊण, म्हणजे सहा इंची आरशाची मर्यादा गाठली. आठ इंचीला अडीच मिनिटांच्या आत थांबा. वीस मिनिटांत तर तुमचा डाग चक्क पुढे निघून गेला.

मंगळाची गोष्ट निराळी. दिवस २४ तास ३७ मिनिटांचा आणि चकती लहान, त्यामुळे दहा मिनिटं घेतलीत तरी बिघडत नाही. शनीला पाच-सहा मिनिटं. याहून पुढे जायचं असेल तर विनजुपोस आहे. ते ग्रहाचं फिरणं हिशोबात धरून वेगवेगळ्या वेळच्या स्टॅक (रचलेली चित्रं) एकत्र करतं. त्यासाठी घड्याळ मात्र काटेकोर लावलेलं हवं.

प्रा_उलटापालटा
मंगळाच्या त्या ३७ जादा मिनिटांची एक गंमत. तुम्ही रोज रात्री त्याच वेळी मंगळ बघितलात तर जवळजवळ तीच बाजू दिसते, रोज दहाएक अंशांनी मागे सरकलेली. पूर्ण फेरा बघायला महिन्याहून अधिक काळ जातो. प्रतियुती (मंगळ सूर्याच्या समोरच्या बाजूला, आपल्या जवळ येतो ती वेळ) साधारण २६ महिन्यांनी येते, त्यामुळे एखाद्या आठवड्यात ढग आले तर ग्रहाची एक आख्खी बाजू त्या खेपेला हुकते. २०१८ मध्ये तर मंगळ २४ आर्कसेकंदांचा, छान जवळ, आणि तेव्हाच तिथे ग्रहभर धुळीचं वादळ! जगभर लोक दुर्बिणी रोखून पिवळट चकती बघत बसले.

आता शार्पनिंगवर थोडं खवचट बोलू का? फ्रेमवेडा वेव्हलेट म्हणतात, पण त्या सरकपट्ट्या हातात आल्या की माणूस थांबत नाही. मंगळाच्या उजळ कडेच्या आत एक काळी रेघ असलेले फोटो बघा, कडेला समांतर. ती मंगळावर नाही. आरशाच्या विवर्तनाची (प्रकाश कडेपाशी पसरण्याची) आणि जास्तीच्या शार्पनिंगची ती संतती आहे. गुरूच्या पट्ट्यांतसुद्धा वळवळणाऱ्या अळ्या तयार करता येतात.

हे काही आजचं नाही. १८७७ साली शियापारेल्ली यांनी मंगळावर रेघा पाहिल्या, पुढे लॉवेल यांनी त्यांचे कालवे केले आणि कालवे खणणारी जमातही कल्पिली. १९०९ मध्ये अँतोनियादी यांनी म्यूदाँच्या ८३ सेमी दुर्बिणीतून, चांगल्या हवेत बघितलं तेव्हा त्या सरळ रेघा सुटून वेडेवाकडे ठिपके नि छटा निघाल्या. सीइंगसाठी आपण एक ते पाच ही जी श्रेणी वापरतो ती याच अँतोनियादींची. त्यांच्याकडे वेव्हलेट नव्हतं, पण डोळा आणि मेंदूही तुटक ठिपके जोडून रेघ ओढतो. तेव्हा नुसती_नजर ताई, डोळा काही धुतल्या तांदळासारखा नाही.

नुसती_नजर
मान्य. पण मग अँतोनियादींनी ते कशाने सोडवलं? डोळ्यानेच ना?

प्रा_उलटापालटा
८३ सेंटिमीटरच्या डोळ्याने.

टिंबटिंब
हा हा! सामना बरोबरीत.

आकाशकाकू
खरी रेघ कुठली, खोटी कुठली असा घोळ असेल तर एक उपाय सोपा आहे. एकाच रात्री काही मिनिटांच्या अंतराने दोन व्हिडिओ घ्या, दोन्ही वेगवेगळे रचा. जो तपशील दोन्हींत आहे आणि ग्रहाबरोबर थोडा सरकलाय तो खरा. एकातच आहे तो विसरा.

अमावास्या
वाचनमात्र होते, एका गोष्टीसाठी लिहितेय. 'फोटो यावेत तरी का' याला एक उत्तर आहे.

१९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना गुरूच्या ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. आधी त्यांना वाटलं नेहमीचं काही असेल. पण तो कुठल्याही चंद्राची सावली बसत नव्हती. गुरूवर काहीतरी येऊन आदळलं होतं. शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे जुलै १९९४ मध्ये पडले, त्याला तेव्हा बरोबर पंधरा वर्षं झाली होती. त्यांनी कळवल्यावर मोठ्या वेधशाळा आणि हबल दुर्बीण तिकडे वळल्या. पुढच्याच वर्षी, ३ जून २०१० ला, वेस्लींनीच गुरूवर एक क्षणिक चमक टिपली. ती खरी कशी ठरली? फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो यांच्या व्हिडिओतही तीच चमक त्याच वेळी, त्याच जागी होती. हे गो म्हणजे तेच, ज्यांनी २००६ च्या फेब्रुवारीत गुरूवरचा पांढरा 'बीए' डाग (एक मोठं वादळ) तांबडा झाल्याचं पकडलं.

अशी चमक एक-दोन सेकंदांची असते. नेत्रिकेतून दिसलीच तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून व्हिडिओ पुसण्याआधी डिटेक्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवावं. ते फ्रेमागणिक चमक शोधतं. मी माझे सगळे जुने व्हिडिओ त्यातून काढले. काही सापडलं नाही, पण न सापडल्याची नोंदही कामाची असते, कारण असे आघात किती वेळा होतात ते त्याच आकड्यांवरून काढतात.

मध्यमवर्गीय_मंगळ
हे आवडलं. डिस्क रिकामी करायच्या आत हा प्रतिसाद आला, बरं झालं.

कोराकागद
जरा अवांतर. शनी अजून मोठ्या कड्यांचा का दिसत नाही? लहानपणी बघितलेला शनी आठवतो, त्याची कडी केवढी तरी होती.

आकाशकाकू
कारण त्याची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी काठावरून दिसण्याच्या स्थितीत आली होती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यात दोनदा हे घडतं. आता दक्षिणेची बाजू हळूहळू उघडतेय, २०३२ च्या आसपास ती पूर्ण उघडेल, जवळजवळ २७ अंश. कडी अरुंद असताना कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी रेघ) सहा इंचीतून फक्त दोन टोकांना पकडता येते. मात्र याच काळात शनीचा चंद्र टायटन शनीच्या चकतीपुढून जातो आणि त्याची सावलीही चकतीवर पडते. कडी उघडली की हे कित्येक वर्षं बंद.

कोराकागद
धन्यवाद काकू. शुक्राचंही विचारते. तो संध्याकाळी खाली गेला की कडांना लाल-निळा होतो. दिवसाउजेडी उंच असताना बघितला तर?

आकाशकाकू
चांगला दिसतो, कलाही स्वच्छ कळते, पण एक अट. सूर्य वर असताना दुर्बीण आकाशात फिरवत शुक्र शोधायचा नाही. एकदा सूर्य नेत्रिकेत आला की डोळा गेला, परत येत नाही. अशा जागी बसा की सूर्य भिंतीआड असेल आणि तिकडून फिरून तुमच्याकडे येणार नसेल. शोधक दुर्बिणीलाही टोपण घाला. बुध सूर्याच्या आणखी जवळ, त्याच्या वाटेला दिवसा जाऊ नकोस. लाल-निळं दिसतं ते वातावरण प्रकाशाचं अपस्करण करतं, म्हणजे रंग वेगळे करतं म्हणून. कॅमेऱ्यापुढे एडीसी (हे वेगळे झालेले रंग परत जुळवणारं साधन) लावून ते बरंच सुधारता येतं.

रात्रपाळी
सगळे प्रतिसाद वाचले. आरसा निववणं आणि कोलिमेशन दोन्ही केलं, आणि खरं सांगायचं तर खर्च न करताच मला गुरूवर आणखी दोन पट्टे दिसले. तरी कॅमेरा घ्यायचा आहेच. मग बार्लो कुठली? ३एक्स की २एक्स?

फ्रेमवेडा
ढोबळ नियम: कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या आणि पाचाने गुणा. येईल तेवढा एफ-अंक हवा. २.९ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर १४.५. तुमची दुर्बीण एफ/८, २एक्स बार्लोने एफ/१६ झाली. बसलं. ३एक्सने एफ/२४ होईल, चित्र मोठं होईल पण तपशील तेवढाच, वर उजेड निम्म्याहून कमी. एक्स्पोजर वाढवावं लागेल आणि हवा पुन्हा आत शिरेल. पिक्सेल ३.७५ चा असेल तर एफ/१९, तिथे अडीचपट चालेल. आधी कॅमेरा ठरवा, मग बार्लो.

अपेक्षा मात्र धरून ठेवा. २.९ मायक्रॉन आणि २४०० मिमी नाभीय अंतराला एक पिक्सेल पाव आर्कसेकंदाचा. म्हणजे ४५ आर्कसेकंदांचा गुरू तुमच्या पडद्यावर १८० पिक्सेल. लोक हे बघून निराश होतात आणि ३एक्स घेतात. नका घेऊ.

रात्रपाळी
माझ्या डॉबला मोटर नाही. ग्रह पळतो. मग हे सगळं फुकट?

फ्रेमवेडा
मुळीच नाही. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. १९२० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत या हिशोबाने ग्रह अर्धं मिनिट टिकतो. कॅमेरा असा फिरवा की ग्रह लांब बाजूने सरकेल. रुंदी पूर्ण ठेवा, उंची कापा, फ्रेमचा वेग वाढतो. ग्रह आत येण्याआधी रेकॉर्ड सुरू करा, बाहेर गेला की दुर्बीण पुढे ढकला, हादरा शमू द्या, पुन्हा. तीन मिनिटांत चार-पाच खेपा होतात. पिप हे सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम मध्यावर आणून जोडून देतं. पुढे ऑटोस्टॅकर्ट.

नुसती_नजर
आणि दुर्बीण ढकलण्याच्या मधल्या वेळात? नेत्रिका कॅमेऱ्याच्या जागी अडकवायला पुरे होईल ना?

फ्रेमवेडा
ताई, फोकस बदलतो हो!

शेवटचा_बाक
दुसरी दुर्बीण घ्या. एक बघायला, एक फोटोला. (ह.घ्या.)

रात्रपाळी
@शेवटचा_बाक, घरात पहिलीलाच जागा नाहीये. २.९ पिक्सेलचा कॅमेरा आणि २एक्स ठरलं. युरेनसवर काही मिळेल का यात, की तो हट्ट सोडू?

आकाशकाकू
युरेनस ३.७ आर्कसेकंद, तुमच्या पडद्यावर पंधरा पिक्सेलचा ठिपका. नेत्रिकेतून मात्र १५० पटीपुढे तो ताऱ्यासारखा टोकदार राहत नाही, फिकट निळसर-हिरवी चकती होते. तो डोळ्यानेच बघा. फोटो काढलात तर त्याच्या जागेसाठी काढा: आठवड्याच्या अंतराने दोन, आजूबाजूच्या ताऱ्यांसकट, बार्लोशिवाय.